कोंडा मॅडमचा बोगदा

कोंडा मॅडमच्या अंगावर धातू म्हणून नसे. कान मोकळे, गळा मोकळा, हातात काचेच्या दोन बांगड्या. चष्मा प्लास्टिकचा, केसांतला चाप प्लास्टिकचा. साडीला पिन नाही, पदर खांद्यावरून घेऊन कमरेला असा घट्ट खोचलेला की वावटळीतही सुटायचा नाही. ब्लाउजला हुकांऐवजी कापडी गुंड्या, त्याही शिंप्याकडून खास बसवून घेतलेल्या. नवीन माणसाला वाटायचं, बाईंच्या आयुष्यात काहीतरी वाईट घडलेलं असणार. प्रत्यक्षात त्यांचे यजमान चांगले धडधाकट होते आणि विसरलेला डबा द्यायला दुपारी स्वतः स्कूटरवरून यायचे.

"अहो, दिवसातून शंभरदा त्या खोलीत आत-बाहेर करायचं," मॅडम सांगायच्या. "दर वेळी कोण काढत बसणार? सगळं घरीच ठेवून येते. राखण करायला आमचे साहेब आहेत की."

ती खोली म्हणजे एमआरआयची खोली. सोलापुरातल्या ज्या रुग्णालयात मी भूलतज्ज्ञ म्हणून लागलो, तिथं डॉ. अनुराधा कोंडा या क्ष-किरण आणि एमआरआय विभागाच्या प्रमुख होत्या. एमआरआयचं यंत्र म्हणजे एक भलंमोठं लोहचुंबक, मधोमध बोगद्यासारखं भोक. माणसाला फळीवर निजवून त्या भोकात सरकवायचं आणि शरीराच्या आतली चित्रं घ्यायची. चुंबक कधीच बंद नसतं, त्यामुळं खिशातली किल्ली किंवा साडीची पिनसुद्धा आत नेली तर गोळीसारखी उडते. पण त्यात क्ष-किरण नसतात. म्हणून कॅन्सर झालेल्या लहान मुलांना, ज्यांना पुन्हा पुन्हा तपासावं लागतं, त्यांना हे यंत्र फार सोयीचं. गाठ कुठवर गेली आहे, औषधानं आटते आहे का, परत तर उगवली नाही ना, हे त्या चित्रांतून कळतं. अट एकच. अर्धा-पाऊण तास जराही हलायचं नाही.

आता पाच वर्षांचं पोर, आधीच सुया टोचून घाबरलेलं, त्या अंधाऱ्या भोकात खडखडाट ऐकत पाऊण तास कसं पडून राहील? म्हणून मी. माझं काम त्यांना भूल देऊन झोपवायचं. आणि मॅडमचं म्हणणं, माझी गरजच पडू नये.

मुलं आली की त्या आधी आपली ओळख करून द्यायच्या. गुडघ्यावर बसून, मुलाच्या डोळ्याला डोळा भिडवून.

"मी कोंडा मॅडम. आडनावच कोंडा आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. आत गेल्यावर हसलास तर फोटो हलतो."

बहुतेक पोरं हसायची. जी हसायची नाहीत त्यांच्यापुढं मॅडम स्वतःच हसायच्या, मोठ्यांदा, सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल असं. त्यांचा आवाज मुळातच मोठा. त्याचं कारण मला पुढं कळलं, वैष्णवीमुळं.

वैष्णवी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकराची मुलगी. डोक्यात मागच्या बाजूला गाठ झाली होती. पुण्यात ऑपरेशन झालं, किरणोपचार झाले, आणि पुढची तपासणी सोलापुरातच करायची ठरली. आमच्याकडं ती पहिल्यांदा आली तेव्हा टक्कल पडलेल्या डोक्याला तिनं आईची ओढणी गुंडाळली होती. भूल द्यायची म्हणून सकाळपासून उपाशी ठेवायला सांगितलेलं. आईनं बराच वेळ कसंबसं धरून ठेवलं, पण पोरगी भुकेनं रडायला लागली तेव्हा पर्समधला एक बटर चहात बुडवून तिला भरवला. आमच्याकडचा बटर म्हणजे बेकरीतला कडक, गोल पाव.

मला ते कळलं आणि मी भूल द्यायला नकार दिला. पोटात अन्न असताना भूल दिली आणि उलटी फुप्फुसात गेली तर जीवावर बेतायचं. मॅडम बाहेर आल्या आणि त्या बाईवर तेलुगूत जे काही बरसल्या, ते मला अक्षर न कळताही कळलं. खाली बघत ती वैष्णवीच्या हातातला उरलेला बटर काढून घ्यायला लागली.

ते बघून मॅडम थांबल्या. आत गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या तेव्हा हातात स्वतःचा डबा होता. बाकावर जागा नव्हती. त्या सरळ खाली फरशीवर बसल्या, त्या मायलेकींच्या समोर, आणि डबा उघडला. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.

"उपास मोडलाच आहे तर नीट जेवू दे की तिला," त्या मराठीत म्हणाल्या, बहुधा मलाही ऐकू जावं म्हणून. मग तेलुगूत, खालच्या आवाजात, बराच वेळ काही बोलल्या. बाई डोळे पुसत हसली. मी ओरडले ते चुकलं, असं मॅडमनी तिला सांगितलं होतं. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं.

जेवताजेवता कुठं राहता, घरी कोण कोण असतं, अशा चौकशा झाल्या. खाली चार पॉवरलूम, वर एका खोलीत बिऱ्हाड. ते ऐकताच मॅडमचा घास हातातच राहिला.

"ही झोपते कुठं? मागाच्या वरच?"

"तिथंच. जन्मल्यापासून."

मॅडम उठल्या, हात धुतले आणि माझ्याकडं वळल्या. "डॉक्टर, नुसतं बघू या का? तुमचं औषध न देता?"

मला ते पटलं नव्हतं, पण नाही म्हणायला कारणही नव्हतं. हाताला सलाईनची सुई लावलेलीच होती. वैष्णवीच्या कानांत बोळे घातले, वर हेडफोन चढवला, फळीवर निजवलं. मॅडम तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "भयपडकु अम्मा. घाबरू नको. आत माग आहे. तुमच्या घरच्यासारखाच."

यंत्र सुरू झालं. खट्-खट्-खट्, मग घर्रर्र, मग पुन्हा खट्-खट्. मी काचेपलीकडं हात बांधून उभा. पोरीच्या पायाची बोटं थोडा वेळ हलत होती. मग ती थांबली. मग तोंड जरासं उघडलं. वैष्णवी गाढ झोपली होती. मधे नळीतून औषध सोडून चित्रं घ्यायची असतात, तेव्हाही तिनं कूस बदलली नाही.

"डॉक्टर," मॅडम पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तुमची नोकरी गेली."

त्या दिवशी त्यांनी स्वतःबद्दल पहिल्यांदा काही सांगितलं. त्यांचे वडीलही मागावर होते, टॉवेल विणायचे. घरात बोलायचं तर मागाच्या वर आवाज काढावा लागे, म्हणून घरातल्या सगळ्यांचेच आवाज मोठे. अभ्यास त्याच खडखडाटात. "वीज गेली आणि माग थांबला की मला जाग यायची," त्या म्हणाल्या. "शांततेनं."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी पाण्याची एक काळी प्लास्टिकची टाकी आणवली. सोलापुरात पाणी कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळं टाक्यांना तोटा नाही. तिचा तळ आणि तोंड सुताराकडून कापून घेतलं, कडा घासून घेतल्या, आत एक फळी बसवली, आणि आमच्या प्रतीक्षेच्या खोलीत ती आडवी ठेवली. यंत्राचा आवाज फोनवर टिपून घेतला होता, तो आत लावायचा. मुलांनी त्यात शिरायचं, पडायचं, बाहेर यायचं. ज्यांची तपासणी आठ दिवसांनी आहे त्यांनीही येऊन पडून जायचं. कोणाला आई बाजूला हवी, कोणाला आवाज आधी हळू हवा. मॅडम टाकीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसायच्या आणि आत तोंड घालून गप्पा मारायच्या. बाहेरून नुसती त्यांची पाठ दिसायची आणि घुमणारा आवाज ऐकू यायचा. रुग्णालयातल्या काही मंडळींना हा पोरखेळ वाटला. एकानं तर "बाई टाकीत बोलतात" अशी नक्कलही बसवली होती. मॅडमना ती दाखवली तेव्हा त्यांनी दोन सुधारणा सुचवल्या.

माझी नोकरी अर्थातच गेली नाही. तान्ही बाळं, वेदनेनं तळमळणारी मुलं, ज्यांना त्या खोलीच्या दाराशीच धाप लागते अशी मुलं, त्यांना भूल लागायचीच. त्याबाबत मॅडमचा हट्ट नसे. "ह्याला झोपवा," त्या लगेच म्हणायच्या. "ह्यानं पुष्कळ सोसलंय." पण बाकीच्यांचे उपास टळले. ते किती मोठं होतं हे त्यांच्या आयांना विचारावं.

बिरूची गोष्ट मला त्या टाकीसकट आठवते, कारण तो तिच्यात शिरायलाच तयार नव्हता. मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाचा मुलगा, दहा-अकरा वर्षांचा, काळासावळा, डोळे सतत दाराकडं. गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडात गाठ. वॉर्डात कोणीतरी त्याच्यासमोरच बोललं होतं.

"माजा पाय कापणार हायत व्हय?" त्यानं मॅडमना पहिलाच प्रश्न केला.

आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मॅडमनी तो हळूच बाजूला केला.

"मला माहीत नाही, बिरू. तेच ठरवायला हा फोटो काढायचा आहे. गाठ हाडात कुठपर्यंत गेलीये ते मला बघायचंय. ते नीट दिसलं तर मोठे डॉक्टर तेवढंच हाड काढून पाय राखायचं बघतील. पण तू हललास तर मला धुरकट दिसणार."

"मग राखत्याल?"

"राखतील की नाही ते मी सांगू शकत नाही. मी नीट बघीन, एवढं सांगते."

त्यानं दाराकडची नजर काढून त्यांच्याकडं बघितलं. मोठी माणसं त्याच्याशी इतकं खरं बोलत नसावीत. मग म्हणाला, "आई आत आली तर येतो."

आईला आत घ्यायचं तर तिच्या अंगावरचं सगळं उतरवायला हवं. जोडवी साबण लावून निघाली. मंगळसूत्रापाशी गाडं अडलं. त्याला तिनं चार-पाच पिना अडकवलेल्या होत्या, गावाकडच्या बायका अडकवतात तशा. बाहेर बसलेली तिची सासू ताठ झाली. "पोरगं असं आजारी, आन् त्यात हे काडायचं? न्हाय म्हंजी न्हाय."

तंत्रज्ञ समजावायला लागला तसं मॅडमनी त्याला थांबवलं. आपल्या टेबलाच्या खणातून त्यांनी एक हळकुंड आणि पिवळा दोरा काढला. त्यांनी हे आणून ठेवलं आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. म्हातारीपुढं धरून म्हणाल्या, "आजी, तुमच्या हातानं बांधा सुनेला. मग ते काढा. गळा रिकामा नको राहायला."

म्हातारीनं हळकुंड हातात घेतलं, वास घेतला, आणि सुनेला जवळ बोलावलं. दोऱ्याची गाठ तिनं स्वतः मारली. मंगळसूत्र पदरात बांधून ती दाराशी बसून राहिली.

आत बिरूच्या मांडीभोवती एक जाड पट्टा गुंडाळायचा होता. चित्र नीट येण्यासाठी तो लागतो. पट्टा बघून पोरगा पुन्हा आक्रसला.

"बिरू, नवं जन्मलेलं कोकरू मांडीवर झोपलं तर तू काय करतोस?" मॅडमनी विचारलं.

"काय न्हाय. बसून ऱ्हातो."

"पाय आखडला तर?"

"तरीबी. हललं की उठतंय त्ये. मग वरडतंय."

मॅडमनी पट्टा त्याच्या मांडीवर ठेवला आणि हलकेच थोपटला. "हे झोपलंय बघ."

पोरगा पडला तो हललाच नाही. खुब्यापासून गुडघ्यापर्यंतचं सगळं हाड मॅडमनी बघून घेतलं, कारण अशा गाठीची एखादी ठिणगी कधी कधी वर दूर पडलेली असते. वर काही नव्हतं. गाठीची हद्द स्वच्छ दिसत होती, जणू कोणी पेन्सिलीनं आखली असावी. मॅडम पडद्याकडं बघत खुर्चीत मागं रेलल्या आणि "हां," एवढंच म्हणाल्या. बाहेर काढल्यावर बिरूनं मान न उचलता हळूच सांगितलं, "उठलं न्हाय."

औषधांचे डोस झाले, मुंबईला ऑपरेशन झालं. तेवढंच हाड काढून तिथं धातूचा सांधा बसवला. बिरू आता लंगडतो, पण दोन पायांवर लंगडतो. बाप मॅडमना भेटायला आला तेव्हा खांद्यावरची घोंगडी त्यांच्यापुढं पसरून म्हणाला, "बसा." मॅडम त्यावर बसल्या.

सगळं असंच गोड झालं असं मात्र कोणी समजू नये.

वैष्णवी दर तीन महिन्यांनी यायची, मागाच्या वर झोपावं तशी झोपायची, आणि जायची. डोक्यावर केस आले होते. एकदा तिची चित्रं आली आणि मॅडमनी मला आत बोलावलं. जिथून गाठ काढली होती तिथं एक पांढरा ठिपका चमकत होता.

"परत आली?" मी विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "किरणांनी भाजलेली जागाही कधी कधी अशीच दिसते. आलीये म्हणाले आणि नसली, तर पोरीला फुकट विषारी औषधं. नाही म्हणाले आणि असली, तर वेळ हातचा गेला."

मुंबईच्या आपल्या जुन्या सरांना त्यांनी चित्रं पाठवली. त्यांनाही सांगता येईना. थोडे आठवडे थांबा, पुन्हा काढा, एवढंच ते म्हणाले. वैष्णवीवर उपचार करणारे डॉक्टरही तेच म्हणाले. आईला हे मॅडमनी स्वतः सांगितलं. दिसतंय ते सांगितलं, कळत नाही तेही सांगितलं.

"एवढं मोठं मशीन," ती बाई म्हणाली, या वेळी मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "आणि तुम्हाला माहीत नाही?"

"नाही, अम्मा."

"मग कशाला बसलाय इथं?"

मॅडम तिथंच उभ्या राहिल्या, ती बाई पोरीला उचलून जिना उतरेपर्यंत.

ते आठवडे मॅडमच्या विभागात कोणाला सुखाचे गेले नाहीत. तंत्रज्ञाला बोलणी, मला बोलणी, डबा घेऊन येणाऱ्या यजमानांनाही बोलणी. डबा बहुतेक वेळा तसाच परत जायचा. एकदा मी आत गेलो तर जुनी आणि नवी चित्रं शेजारी लावून त्या नुसत्या बसल्या होत्या. "मी हिला सांगितलं, आत तुझा माग आहे," त्या म्हणाल्या. "तिनं विश्वास ठेवला. झोपते बिचारी. आणि मी इकडं जागी बसून तिच्या डोक्यात काय शोधते बघा."

वैष्णवी पुन्हा आली. आई आमच्याकडं बघायला तयार नव्हती. पोरगी सवयीनं फळीवर चढली, हेडफोन स्वतःच ओढून घेतला. चित्रं यायला लागली तसं मॅडमनी ठिपका मोजला. पुन्हा मोजला. तंत्रज्ञाला मोजायला लावला, मग मलाही, जरी मला त्यातलं काही कळत नव्हतं. ठिपका लहान झाला होता, फिकाही.

मॅडम जवळजवळ धावत बाहेर गेल्या. एरवीचा तो मोठा आवाज कुठं गेला कोण जाणे. "तग्गिंदम्मा," त्या पुटपुटल्या. "कमी झालंय. जखमच होती ती."

बाईनं पर्स उघडली, कागदात गुंडाळलेला एक बटर काढला आणि मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी तो तिथंच उभ्यानं, कोरडाच खाल्ला.

आणि एक बाप आठवतो, अक्कलकोटच्या पुढच्या गावचा. घरी कन्नड बोलणारा, आमच्याशी तोडकं मराठी, मानानं कानडी ‘री’ लावून. त्याचा सिद्धू चार वर्षांचा. पोटातला आजार हाडांत, सगळीकडं पसरला होता. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हात टेकले होते आणि ते बापाला नीट सांगितलंही होतं. पण बाप म्हणत होता, आणखी एकदा एमआरआय करा. त्याच्या हट्टापुढं वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरानं लिहून दिलं. सिद्धूला उचललं तरी तो कण्हायचा. तपासणी करायची तर भूल देणं आलं, आणि त्या भुलीतून तो नीट बाहेर येईल याची मला खात्री नव्हती. मी मॅडमना तसं सांगितलं.

त्या बाहेर बाकावर त्या माणसाशेजारी जाऊन बसल्या. पोर त्याच्या खांद्यावर.

"फोटोत काय दिसावं असं वाटतं तुम्हाला?"

"कमी झालंय म्हणून दिसावं री," तो म्हणाला.

"मलाही तेच वाटतं," मॅडम म्हणाल्या. "पण ते दिसणार नाही. जे दिसेल ते तुम्हाला ठाऊक आहे. मी हा फोटो काढणार नाही."

तो उसळला. "तुमाला पोरं हायत काय? असती तर असं बोलला नसता तुमी!"

"आहे. मुलगी आहे."

सिद्धूचा एक पाय लोंबकळत होता, त्याचा मोजा अर्धा निघाला होता. मॅडमनी तो वर ओढून नीट केला. मग विचारलं, "ह्याला काय आवडतं?"

बापाला प्रश्न कळायलाच वेळ लागला. "हुरडा," तो शेवटी म्हणाला. "रानात ज्वारी आलीय आता. आजी भाजती. मागं लागतो तिच्या."

"मग न्या की. आज न्या. दुखायचं औषध भरपूर देतील, ते मी बघते. ह्याला इथं फळीवर निजवू नका. आजीच्या मांडीवर निजू दे."

त्या स्वतः वॉर्डात जाऊन डॉक्टरांशी बोलल्या. वेदनेच्या औषधाच्या बाटल्या, कधी किती द्यायचं, सगळं त्या माणसाकडून पुन्हा वदवून घेतलं. तो त्यांच्याकडं न बघता निघून गेला. त्या रागातच त्याचा एसटीचा प्रवास झाला असणार.

ज्वारीची काढणी झाली तेव्हा तो परत आला. एकटा. हातात फडक्याचं गाठोडं. मॅडम पॅसेजमधेच भेटल्या. त्यानं गाठोडं त्यांच्या हातात दिलं. ज्वारी होती, त्याच रानातली.

"खाल्ला त्यानं," तो म्हणाला. "लई न्हाय. दोन दाणं. आजीच्या हातनं. आन् हसला की री, मॅडम. हसला."

मॅडमनी ते गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. तो गेल्यावर त्या आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी दाराबाहेर थोडा उभा राहिलो आणि निघून आलो. दुपारी त्या पुन्हा टाकीच्या तोंडाशी बसलेल्या होत्या, आत डोकं घालून, कोणाला तरी शेतातल्या बुजगावण्याची गोष्ट सांगत.

पुढं बायकोची बदली सांगलीला झाली आणि मीही सोलापूर सोडायचं ठरवलं. मॅडमचा निरोप घ्यायला गेलो तर त्या कामात. "तिकडं पोरांना उगाच झोपवू नका," एवढं म्हणाल्या आणि आत गेल्या. मी थोडा खट्टू झालो, खोटं कशाला सांगू.

निघालो त्या दिवशी भर दुपार होती. गाडी सामानानं भरलेली, उन्हानं डांबर पातळ झालेलं. रुग्णालयासमोर वाहतूक तुंबली होती. पुढं रिक्षा, तिच्यापुढं एसटी, सगळ्यांचे हॉर्न. मी मान काढून बघितलं.

रस्त्याच्या मधोमध कोंडा मॅडम उभ्या होत्या. एक हात वर केलेला, पंजा उघडा, एसटीच्या तोंडासमोर. दुसऱ्या हाताचं बोट धरून एक छोटी मुलगी रस्ता ओलांडत होती. डोक्याला टोपी, हाताला सलाईनच्या सुईची पट्टी. पलीकडं इडलीची गाडी होती, तिकडं निघाल्या असाव्यात. मुलीची चाल अगदी सावकाश, एक पाऊल टाकायचं, थांबायचं, मग दुसरं. आई मागून पिशवी घेऊन.

एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. "ओ बाई, उचला की तिला!"

"चालतीये ती!" मॅडम ओरडल्या. सगळ्या रस्त्यावर ऐकू गेलं. "दोन महिन्यांनी चालतीये! थांब जरा!"

ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला. मग रिक्षावाल्यानं. माझ्या मागच्यांनी का थांबवलं कोण जाणे, त्यांना तर काही दिसतही नव्हतं. मधेच मुलीची चप्पल निघाली. ती वळली, वाकली, आणि पायात ती सरकवायची खटपट करायला लागली. अंगठा काही पट्ट्यात जाईना. मॅडमनी मदत केली नाही. हात तसाच वर धरून, मान वाकवून, त्या तिच्या पायाकडं बघत उभ्या होत्या, आणि सगळा रस्ता थांबला होता.